एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेला ९ वर्षांचा मुलगा काउन्सेलरकडे जायला घाबरतो, कसं तयार करू?

आमच्या लेकाचं अगदी हेच होतं, बूट हातात घेऊन दारातच बसायचा, मी वेडा आहे का म्हणून विचारायचा, पोटात गोळा यायचा हो माझ्या. एडीएचडीसोबत अँग्झायटी बऱ्याच मुलांत असते, त्यामुळे तो हट्ट करतोय असं कृपया समजू नका, तो खरंच घाबरलाय.

आम्ही काय केलं तर आधी काउन्सेलर मॅडमना भेटून त्यांचा आणि खोलीचा फोटो आणला, तो फ्रिजवर लावला, पहिल्यांदा फक्त १० मिनिटं, मी आतच बसणार आणि नको वाटलं की त्याने माझा हात दोनदा दाबायचा, मग लगेच बाहेर. दोनदा दाबला तेव्हा खरंच उठलो, मला वाटतं तिथेच त्याचा विश्वास बसला. "आइस्क्रीम देते, चल" हे मात्र आमच्याकडे चाललं नाही. आणि फसवून तर अजिबात नेऊ नका.

तो तयार होईपर्यंत तुम्ही एकट्याच काउन्सेलरकडे जाऊन या, आईबाबांचं ट्रेनिंग हा उपचाराचाच भाग असतो. फारच अडलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.