एसपीआय ड्रायव्हरला डीएमए जोडल्यावर कडेचे बाइट का बिघडतात

भाऊ, तुमचा प्रश्न असा: हिंगणघाटजवळच्या जिनिंगमध्ये डबल रोलर यंत्राच्या बेअरिंगची थरथर मोजायला लिनक्सचा छोटा बोर्ड लावलाय. एसपीआय (सेन्सर आणि बोर्ड यांच्यातली डेटाची जोडणी) कंट्रोलरचा ड्रायव्हर इंटरप्टवर, म्हणजे हार्डवेअर दर वेळी सीपीयूला हाक मारतं तसा, नीट चालायचा. डीएमए (सीपीयूला न गुंतवता हार्डवेअरनेच मेमरीत डेटा ने-आण करणं) जोडल्यापासून आलेल्या बफरचे पहिले आणि शेवटचे काही बाइट कधीकधी चुकतात, मधला भाग बरोबर असतो.

मधला भाग बरोबर असतो हे सांगितलंत ते फार बरं केलंत. वायर किंवा क्लॉक बिघडलं असतं तर चूक कुठेही दिसली असती. फक्त सुरुवातच चुकली असती तर फिफोत (कंट्रोलरमधल्या बाइटच्या छोट्या रांगेत) आधीचे बाइट उरलेत का ते बघायला सांगितलं असतं. दोन्ही कडा चुकतात म्हणजे माझा संशय कॅशवर, म्हणजे सीपीयूजवळ ठेवलेल्या मेमरीच्या प्रतीवर आहे.

तुमचा बफर ड्रायव्हरच्या स्ट्रक्चरमध्येच, इतर फील्डच्या शेजारी आहे. बऱ्याच एआरएम प्रोसेसरवर कॅश लाइन (एकदम ने-आण होणारा तुकडा) ६४ बाइटची असते. एकाच धुऱ्याच्या आत दोघांची वहिती, तसं झालंय: डीएमए मेमरीत लिहीत असताना सीपीयूने शेजारचा फ्लॅग बदलला, तर अख्खी लाइन कॅशमधून परत मेमरीवर जाते आणि नवे बाइट पुसले जातात. बफर केमॅलॉकने (कर्नलकडून मेमरी मागायचं फंक्शन) वेगळा घ्या. डीएमएला लागणारं अलाइनमेंट तिथे मिळतं. स्टॅकवरचा अ‍ॅरे तर कधीच देऊ नका. आणि मॅप केल्यापासून (डीएमएच्या ताब्यात दिल्यापासून) अनमॅप होईपर्यंत त्या बफरला सीपीयूने हात लावायचा नाही, वाचायलाही नाही.

मॅपिंग स्वतः करताय का तेही तपासा. कंट्रोलरने ‘कॅन डीएमए’ कॉलबॅक दिला की एसपीआय कोअर स्वतः मॅप करून स्कॅटरलिस्ट (मेमरीच्या तुकड्यांची यादी) हातात देतो. त्यावर पुन्हा मॅप करायचं नाही.

आता क्रम. आधी डीएमएचं रिसीव्ह चॅनेल सुरू करा, मग ट्रान्समिट. उलट केलंत तर क्लॉक धावायला लागतं आणि रिसीव्ह फिफो भरून सांडतो. काम संपल्याची खूण रिसीव्हच्या कॉलबॅकवर घ्या. ट्रान्समिटचा कॉलबॅक येतो तेव्हा शेवटचे बाइट फिफोत असू शकतात, तारेवर गेलेले नसतात. चॅनेलच्या कॉन्फिगमध्ये फिफोचा फिजिकल पत्ता द्या, आयओरीमॅपने मिळालेला (सीपीयूला दिसणारा व्हर्च्युअल) नाही. बर्स्ट (डीएमए एका दमात हलवतो तो डेटा) फिफोच्या वॉटरमार्कशी (किती भरला की हाक मारायची ती पातळी) जुळवा.

इंटरप्टचा जुना मार्ग काढू नका. ५ मेगाहर्ट्झवर एक बाइट १.६ मायक्रोसेकंदात जातो. तुमचा फिफो १६ बाइटचा आहे, म्हणजे ४०९६ बाइटच्या वाचनाला २५६ वेळा फिफो हाताळावा लागतो. तिथे डीएमए हवाच, बोर्ड बॅटरीवर आहे म्हणून तर जास्तच. पण दोन बाइटच्या रजिस्टर वाचनाला डीएमएची तयारीच जास्त वेळ खाते. रास्पबेरी पायचा बीसीएम२८३५ ड्रायव्हर ९६ बाइटखाली डीएमए वापरत नाही. तुमची सीमा तुमच्या बोर्डवर मोजूनच ठरवा. चॅनेल मागताना ‘प्रोब डिफर’ (डीएमएचा ड्रायव्हर अजून तयार नाही, नंतर या) आला तर तो तसाच परत करा, चॅनेलच नसेल तर गुपचूप इंटरप्टवर चला.

सगळ्यात जास्त जपायची जागा म्हणजे टाइमआउट. बहुतेक जण तिथे एरर देऊन मोकळे होतात, पण डीएमए अजून चालू असतो आणि सोडून दिलेल्या मेमरीत लिहीत राहतो. मग कर्नल भलतीकडेच कोसळतो आणि कारण सापडत नाही. आधी कंट्रोलरची डीएमए विनंती बंद करा, मग दोन्ही चॅनेल ‘टर्मिनेट सिंक’ने थांबवा, मग फिफो रिकामा करा. बफर त्यानंतरच परत द्यायचा.

हे तपासायला कर्नलमध्ये डीएमए एपीआय डीबग (डीएमएच्या वापरातल्या चुका पकडणारी सोय) चालू करा. ट्रान्समिटची डीएमए विनंती देणारा बिट मुद्दाम बंद ठेवून एक ट्रान्सफर चालवा, टाइमआउट येणारच. बिट परत लावून पुढचं वाचन घ्या. पहिल्या बाइटपासून ते बरोबर आलं तर बोर्ड यंत्रावर चढवा, नाहीतर डीमेसेजचा (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) लॉग इथे टाका.