उघडं पान एका क्लिकमध्ये मराठीत कसं आणायचं?

टॉवेलच्या गिऱ्हाइकांची जर्मन पानं रोज वाचायची, पत्ता कॉपी-पेस्ट करून कंटाळा येतो, असं विचारलंय. आम्हीपण सोलापुरात हेच करायचो. आता बुकमार्कलेट आहे: बुकमार्कमध्ये पत्त्याच्या जागी जावास्क्रिप्टची एक ओळ, ती उघडं पान गूगल ट्रान्सलेटकडे धाडते. मोबाइलवर क्रोममध्ये बुकमार्कला ‘मरा’ असं छोटं नाव द्या, अ‍ॅड्रेस बारमध्ये तेवढंच टाइप करा आणि खाली आलेला बुकमार्क दाबा.

लॉगिनच्या आतली पानं मात्र अशी उघडत नाहीत, कारण पान गूगलचा सर्व्हर आणतो, तुमचा ब्राउझर नाही. तिथं कॉम्प्युटरवर राइट-क्लिक करून क्रोमचंच भाषांतर बरं. आणि जीएसएम (म्हणजे चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन), मापं मूळ पानावरच बघा, भाषांतरात शब्दांची गल्लत होऊ शकते. जर्मनमध्ये ‘फ्लोर’ म्हणजे कापडाची लव, तसाच फुलांचा बहरही!