नॅकच्या फायली कुणाच्या गळ्यात?

प्रश्न: ताई, मी सोलापुरात सीनियर कॉलेजला शिकवते. नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणारी संस्था) फायली, गॅदरिंग, रडणाऱ्या पोरींची समजूत, सगळं आम्हा मॅडमलोकांकडे आणि सर लोक संशोधनाचे पेपर लिहीत बसतात. प्रमोशनला याचा काय उपयोग?
– एक प्राध्यापिका

उत्तर: फार नाही हो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमात अशी ३ कामं केली की प्रमोशनच्या मूल्यमापनात या कामांच्या भागाला 'चांगला' शेरा, पुढं १० केली तरी तोच, पण आर्ट्सवाल्यांना तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणाऱ्या जर्नलमधल्या एकटीच्या पेपरला १० गुण आणि ते साठत जातात. म्हणून ३ च कामं धरा, लेखी ऑर्डर घ्या (नुसतं 'मॅडम छान करतात' फायलीला लागत नाही), चौथं आलं की रोटेशन (आळीपाळीनं वाटप) मागा, तेही स्टाफ मीटिंगमध्येच, म्हणजे मिनिट्समध्ये (मीटिंगच्या लेखी नोंदीत) येतं. रांगोळीची कमिटी सरांना द्या की एकदा!