स्क्रीन रेकॉर्डिंगमधली काळ्यावरची लाल अक्षरं एक्स्पोर्टनंतर फिस्कटलेली का दिसतात?

बिटरेट (दर सेकंदाला व्हिडिओसाठी वापरलेला डेटा) वाढवून फारसा फरक पडणार नाही. दोष पिक्सेल फॉरमॅटचा, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची माहिती साठवण्याच्या पद्धतीचा आहे. एक्स्पोर्ट बहुधा ४:२:० या फॉरमॅटमध्ये होतो. त्यात उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची वेगळी, पण रंगाची २×२ अशा चार पिक्सेलना मिळून एकच. म्हणजे १९२०×१०८० च्या चित्रात रंग फक्त ९६०×५४० चा! बीटी.७०९ मध्ये (एचडी व्हिडिओचं रंगांचं मानक) उजेडात लालचा वाटा जेमतेम २१ टक्के, त्यामुळे लाल अक्षराची कड जवळपास रंगावरच उभी असते आणि तीच पसरते. निळ्याचे हाल तर याहून वाईट.

एडिटिंगसाठी ४:४:४ मध्येच रेकॉर्ड करा; त्यात प्रत्येक पिक्सेलला स्वतःचा रंग असतो. अपलोडला मात्र ४:२:० ठेवा, कारण एच.२६४ (व्हिडिओ कॉम्प्रेस करायची नेहमीची पद्धत) चं ४:४:४ बऱ्याच फोन-टीव्हींवर चालतच नाही. तिथे चित्र दुप्पट करून ३८४०×२१६० ला एक्स्पोर्ट केलं की रंगालाही पूर्ण १९२०×१०८० मिळतात. किंवा सरळ अक्षरं पांढरी करा.