लेकराला मागं ठेवून येऊ नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा दोन वर्षं सात महिन्यांचा, सेरेब्रल पाल्सी, आधारानं बसतो, अजून चालत नाही. मिस्टरांना न्यू जर्सीत काम मिळालंय, दोन महिन्यांनी निघायचंय. सासूबाई म्हणतात, आधी तुम्ही दोघं जाऊन बस्तान बसवा, लेकरू वर्षभर अंबाजोगाईतच राहू द्या. आणि तुम्हाला विचारायचंय की तिकडं अशा लेकराला चारचौघांच्या बालवाडीत घेतात, की वेगळं बसवतात.

मी परभणीची, नऊ वर्षं झाली न्यू जर्सीत. माझ्याही पोराला सीपी आहे. तो इथं आला तेव्हा साडेतीन वर्षांचा होता, कारण आम्ही तेच केलं जे तुमच्या सासूबाई सुचवतायत. माझ्या आईनं त्याला वर्षभर सांभाळलं, काही कमी केलं नाही. पण इथलं सगळं गाडं तिसऱ्या वाढदिवसाभोवती फिरतं, आणि तो वाढदिवस आमच्या हातून गेला होता. तुमच्या हातात अजून आहे.

हे सगळं ज्या अमेरिकी कायद्यानं मिळतं, त्याचं नाव आयडिया. (आपल्याकडं त्या नावाचं सिम मिळायचं, म्हणून मला पहिल्याच दिवशी पाठ झालं.) १९७५ साली अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा झाला, १९८६ मध्ये त्यात जन्मल्यापासूनची बाळंही आली, आणि १९९० मध्ये हे नाव पडलं. तीन वर्षांच्या आतल्या लेकरासाठी अर्ली इंटरव्हेन्शन असतं, म्हणजे थेरपिस्ट तुमच्या घरी येतात आणि जेवण, आंघोळ, खेळ यांतूनच काम करून घेतात. डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, आईनं फोन केला तरी चालतो. तिथून ४५ दिवसांत तपासणी होऊन घरच्यांसोबत आराखड्याची बैठक व्हायला हवी. तपासणी फुकट. पुढच्या थेरपीचे पैसे न्यू जर्सीत उत्पन्न आणि घरातली माणसं बघून ठरतात.

आता तुमचा हिशोब. उतराल तेव्हा तो दोन वर्षं नऊ महिन्यांचा असेल. ४५ दिवस तपासणीत गेले तर हातात जेमतेम दीड महिना उरतो. एवढ्यासाठी कशाला धडपड, असं वाटेल. तरी पहिल्याच आठवड्यात फोन करा, कारण तेच लोक तुम्हाला पुढं शाळेच्या हाती सोपवतात. मात्र सणवार उरकून जाऊ म्हणत निघणं दीड-दोन महिने लांबवलंत, आणि तिसऱ्या वाढदिवसाला ४५ दिवसांपेक्षा कमी उरले, तर त्यांच्यावर तपासणीचं बंधन राहत नाही, ते सरळ शाळेकडं बोट दाखवतात.

तीन वर्षांनंतर जबाबदारी स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्यांची. इथं जवळपास प्रत्येक टाउनशिपचं, म्हणजे गावाचं, आपापलं. त्यांना तारीख घालून एक पत्र लिहायचं, ‘माझ्या मुलाची तपासणी करावी’ एवढंच. न्यू जर्सीत त्या पत्रापासून २० दिवसांत पहिली बैठक, आणि तुम्ही तपासणीला लेखी संमती दिल्यापासून ९० दिवसांत सगळं ठरून सेवा सुरू. तोंडी बोलण्याला काही किंमत नाही. मी तीन आठवडे नुसते फोन करत बसले होते, ते दिवस कुणी धरले नाहीत. पत्त्याचा पुरावा मागतात, तेव्हा कंपनीच्या गेस्ट हाउसमध्ये महिनोन्‌महिने राहू नका, भाड्याचा करार लवकर करा. व्हिसा मात्र शाळेनं विचारायचा नसतो.

बैठकीत जो कागद तयार होतो तो आयईपी, म्हणजे त्या एका मुलापुरता शिक्षणाचा आराखडा. इथं मी चुकले. पाच-सहा जण टेबलाभोवती, सगळे हसून बोलणारे, म्हणाले की याच्यासाठी आमच्याकडं छान छोटा वर्ग आहे, आठच मुलं, सगळी अशीच. मी तिथल्या तिथं सही केली. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, की कायद्यात क्रम उलटा आहे. आधी इतर मुलांसोबतच्या वर्गाचा विचार करायचा, मदत देऊन तिथं जमतं का बघायचं, आणि जमत नसेल तरच वेगळा वर्ग. ते फिरवून घ्यायला माझं एक वर्ष गेलं. तुम्ही कागद घरी आणा, झोपून उठून वाचा. पहिल्या आयईपीवर तुमच्या संमतीशिवाय ते काही सुरू करू शकत नाहीत. दुभाषी मागायचा हक्क आहे. मला हिंदीचा देत होते, मी मराठीचाच मागितला, फोनवर का होईना मिळाला. आणि स्पॅन नावाची पालकांची संस्था न्यूअर्कला आहे, ती फुकट कागद समजावून सांगते. मला ती वर्षभर उशिरा कळली.

पण इतर मुलांच्या वर्गात नाव लागलं म्हणजे झालं, असंही नाही. माझा पोरगा त्या वर्गात गेला त्या महिन्यात मी एकदा दुपारी लवकर घ्यायला गेले. सगळी पोरं मैदानात. मैदानात झाडांच्या सालीच्या ढलप्या पसरलेल्या असतात, पडलं तर लागू नये म्हणून. त्याच्या वॉकरची चाकं त्यात रुतायची, म्हणून तो कडेला सिमेंटवर उभा, मदतनीस बाई शेजारी, दोघं बघतायत. रोज अर्धा तास. कुणी वाईट नव्हतं, कागदात ‘मैदान’ हा शब्दच नव्हता. पुढच्या बैठकीत आम्ही लिहून घेतलं: मैदानात मोठ्या चाकांचा वॉकर, झोपाळ्याला पाठीचा आधार. तसंच खाऊच्या वेळी जाड मुठीचा चमचा, आणि गोष्टीच्या वेळी इतरांच्या उंचीला येईल अशी बसकी खुर्ची, कारण सगळे सतरंजीवर आणि हा एकटा उंचावर बसला की शेजारचं पोरगं त्याच्याशी बोलतच नाही. तुम्ही दिवसाचा एकेक तास डोळ्यांपुढं आणा आणि प्रत्येकाला विचारा, या वेळी माझं लेकरू काय करत असेल? बसनं जायचं असेल तर तेही त्यातच लिहून घ्या.

घर कुठं घ्यायचं, यावरही बरंच अवलंबून आहे. सगळ्या टाउनशिपना तीन-चार वर्षांच्या मुलांची सरकारी बालवाडी नसते. जिथं ती नाही, तिथं डिस्ट्रिक्ट म्हणतं, आमच्याकडं साधी मुलंच नाहीत, मग मिसळायचं कुणात? (ही सबब चालत नाही, बाहेरच्या बालवाडीत जागा देता येते, पण भांडावं लागतं.) जर्सी सिटी, न्यूअर्क, न्यू ब्रन्सविक अशा ३१ डिस्ट्रिक्टमध्ये कोर्टाच्या निकालामुळं फुकट बालवाडी आहे, वर्गात जास्तीत जास्त १५ मुलं. आपली माणसं एडिसन गावाकडं जातात, मीही गेले, गणपती-दिवाळीला बरं पडतं. पण एडिसन त्या ३१ मध्ये नाही. उत्पन्न कमी असणाऱ्यांसाठी हेड स्टार्ट ही सरकारी बालवाडी योजना आहे, तिथं किमान १० टक्के जागा अपंग मुलांच्या असाव्या लागतात. तुमच्या पगारात बहुधा बसणार नाही.

येताना काय आणायचं? जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, कानाची तपासणी, लसीकरणाचं कार्ड, आणि डॉक्टरांकडून लेटरहेडवर टाइप केलेलं इंग्रजी पत्र. डॉक्टरांचं हातानं लिहिलेलं इथं कुणाला वाचता येत नाही. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे आपल्याकडच्या अपंगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा, इथं उपयोग नाही, पण काढून ठेवा, सुट्टीत गावी लागतं. आणि तुम्ही लिहिलंय की तो अंगणवाडीत जातो, तर ताईंना चार ओळी लिहून मागा. आमच्या अंगणवाडीताईंनी वहीच्या पानावर लिहिलं होतं: ‘खिचडी डाव्या हातानं खातो. गाणं लागलं की टाळी मागतो. शेजारच्या मुलीचं नाव घेतो.’ मी ते भाषांतर करून दिलं. तपासणीच्या जाडजूड अहवालात पोराला काय येतं हे सांगणारं तेवढंच होतं, आणि बैठकीत त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

कुणी सांगेल, बोलायला उशीर आहे तर घरात इंग्रजीच बोला, दोन भाषांनी गोंधळेल. ऐकू नका, त्याला आधार नाही. आजीशी फोनवर बोलायचंय त्याला.

ऑस्ट्रेलियाचाही विचार आहे म्हणालात. तिथं व्हिसासाठी घरच्यांची आरोग्य तपासणी आडवी येऊ शकते, आणि अपंगांसाठीची त्यांची एनडीआयएस योजना तात्पुरत्या व्हिसावाल्यांना लागू नाही. आधी ते नीट विचारून घ्या.

लेकरासाठी सुताराकडून खुर्ची करून घेतली असेल तर ती आणू नका, विमानात जड पडते. तिचा फोटो आणि मापं आणा, इथल्या थेरपिस्टला बसायचा कोन लगेच कळतो. मिस्टरांचं ऑफिस कुठल्या गावात आहे ते कळवा, आणि घराच्या करारावर सही करायच्या आधी कळवा.