सिंथेसायझरचे दोन ऑसिलेटर (सूर निर्माण करणारे भाग) वापरून ड्रोन, म्हणजे सलग चालणारा लांब सूर, बनवतोय, पण आवाज सपाट, निर्जीव वाटतो. काय करावं?

एका ऑसिलेटरचा सूर किंचित, हर्ट्झच्या दशांशाने सरकवा; रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम) नंतर बघा. दोन्ही ११० हर्ट्झवर तंतोतंत जुळले की बेरीज स्थिर राहते आणि कानाला धरायला काहीच उरत नाही. एक ११० आणि दुसरा ११०.२ ठेवलात तर मूळ सूर दर ५ सेकंदांनी फुगतो आणि ओसरतो. खरी मजा वर, हार्मोनिकमध्ये (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा पटींतले वरचे सूर) आहे: तिसऱ्या हार्मोनिकमध्ये हाच फरक ०.६ हर्ट्झ होतो, पाचव्यात १ हर्ट्झ. प्रत्येक थर आपापल्या गतीने हेलकावतो, आणि लक्ष देऊन ऐकलं की आतून बारीक सूर वर येताना स्पष्ट कळतात. पंचम जोडायचा असेल तर तो १६५ वर लावा. कीबोर्डचा पंचम १६४.८१ चा असतो, तो स्वतःचे हेलकावे आणतो (तेही कधीकधी सुंदर लागतात). मग लो-पास फिल्टर (वरचे सूर अडवून खालचे जाऊ देणारा) इतका सावकाश उघडा की बदल घडून गेल्यावरच जाणवेल. फ्रेंच संगीतकार एलियान रादिग यांनी एआरपी २५०० या सिंथेसायझरवर अनेक वर्षं अशाच संथ बदलांचं काम केलं. ते जरूर ऐका, पण हेडफोनवर किंवा मोठ्या स्पीकरवर, कारण फोनच्या स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ गायब होतात. एक मात्र आहे: हे सगळं सॉटूथसारख्या (करवतीच्या दातांच्या आकाराच्या) हार्मोनिकने भरलेल्या लहरींना लागू. साइन लहरीत हार्मोनिक नसतात, त्यामुळे तिथे एकच हेलकावा मिळेल आणि फिल्टरने फक्त आवाज कमी-जास्त होईल.