जँगो ४.२ वरून ५.२ वर केव्हा जावे?

आपला प्रकल्प जँगो (पायथन भाषेत वेबसाइट बनवण्याची चौकट) ४.२ वर सुरळीत चालू आहे, टीम तीनच जणांची आहे, आणि ५.२ वर लगेच जावे की सगळे स्थिरावेपर्यंत थांबावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते नव्या आवृत्तीत काय आले यापेक्षा जुनीला सुरक्षा दुरुस्त्या कुठवर मिळणार, हे पाहून तारीख ठरवावी. जँगोची नवी आवृत्ती साधारण दर आठ महिन्यांनी येते आणि त्यांतली प्रत्येक गाठणे लहान टीमला झेपत नाही. ४.२ आणि ५.२ सारख्या एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तीला मात्र तीन वर्षे सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या ४.२ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतची, तर एप्रिल २०२५ मध्ये आलेल्या ५.२ ची एप्रिल २०२८ पर्यंतची. दोन्ही मुदती एक वर्षभर एकमेकींवर येतात, आणि स्थलांतर करायचे ते याच वर्षात. त्यातले पहिले तीन-चार महिने मी थांबतो, कारण तेवढ्यात सुरुवातीच्या दुरुस्त्या येऊन जातात आणि इतर लायब्रऱ्यांनाही सवड मिळते. जुन्या आवृत्तीची मुदत उलटून गेली असेल, तर मात्र थांबण्यासारखे काही उरत नाही.

थांबण्याच्या काळात खरे काम करून घ्यावे. ४.२ वर असतानाच टेस्ट (कोड आपोआप तपासणाऱ्या चाचण्या) 'python -Wa' असा पर्याय देऊन चालवा. पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या गोष्टींच्या सूचना एरवी दिसत नाहीत, त्या अशा वेळी ढिगाने समोर येतात, आणि त्या एकेक करून संपवल्या की प्रत्यक्ष उडी बरीच लहान होते.

तरीही टेस्टवर पूर्ण विसंबू नये, हे मी अनुभवाने सांगतो. एका प्रकल्पात आमच्या सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या, आणि नवी आवृत्ती चढवल्यावर 'बाहेर पडा' या दुव्यावर क्लिक करताच ४०५ (या पद्धतीची विनंती चालत नाही) ही त्रुटी येऊ लागली. जँगो ५.० पासून लॉगआउट 'गेट' विनंतीने (साध्या लिंकवर क्लिक केल्यावर जाते ती) होत नाही, 'पोस्ट' (फॉर्म पाठवल्यावर जाते ती) लागते. आमच्या टेम्प्लेटमध्ये (पानाच्या साच्यात) मात्र साधी लिंक होती. टेस्टमध्ये आम्ही टेस्ट क्लायंटचे (टेस्टमधल्या नकली ब्राउझरचे) 'लॉगआउट' थेट वापरले होते, आणि ते लॉगआउटच्या व्ह्यूपर्यंत (विनंती हाताळणाऱ्या कोडपर्यंत) जातच नाही, म्हणून सूचनाही दिसली नव्हती. लिंकच्या जागी सीएसआरएफ टोकनसह (बनावट विनंत्या रोखणाऱ्या सांकेतिक खुणेसह) छोटा फॉर्म आणि एक बटण ठेवले, काम झाले. पण तेव्हापासून मी लॉगिन, लॉगआउट आणि पासवर्ड बदलणे हे तिन्ही स्टेजिंग सर्व्हरवर (खऱ्या सर्व्हरसारख्या चाचणीच्या सर्व्हरवर) स्वतः हाताने करून पाहिल्याशिवाय पुढे जात नाही.

डेटाबेसही आधीच पाहून ठेवा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल, तर ५.२ ला त्याची १४ किंवा त्यापुढची आवृत्ती आणि पायथन ३.१० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. सर्व्हरवर पोस्टग्रेस १३ असेल, तर आधी डेटाबेस हलवा, तो काही दिवस चालू द्या, आणि मगच जँगोला हात लावा. दोन्ही बदल एकाच रात्री केले, तर बिघाड नेमका कशामुळे झाला हे शोधण्यातच ती रात्र जाते.